विद्यापीठाच्या आवारात डू बॉइस

विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डू बॉइस हे नाव भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांना प्रायः दोन नात्यांनी ठाऊक असते : ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या १९०३ मधील ग्रंथाचे कर्ते म्हणून, आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्याचे एक अध्वर्यू म्हणून. मराठीत १९६० नंतर दलित साहित्याची चर्चा सुरू झाली, म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे लक्ष वेधले, आणि तौलनिक विवेचनात ते साहित्य आपल्याकडे वारंवार येऊ लागले. तथापि या चर्चेत डू बॉइस यांच्या आयुष्याची एक बाजू काहीशी दुर्लक्षित राहिली आहे. पंचाण्णव वर्षांच्या या आयुष्यातील फार मोठा भाग विद्यापीठात, किंवा विद्यापीठाशी झगडण्यात गेला. तीन विद्यापीठांत ते शिकले, तीन ठिकाणी त्यांनी नोकरी केली, आणि उरलेल्या काळात अन्य विद्यापीठांतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कैफियत मांडली. वर्ग खुला आणि आवार बंद, ही जी स्थिती त्यांनी तारुण्यात अनुभवली, तिच्याकडे पाहत राहणे हा त्यांच्या विचाराचा एक मूलस्रोत होता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या छोट्या गावी झाला. (आडनाव फ्रेंच असले तरी त्याचा उच्चार इंग्रजी वळणाने, शेवटचा ‘स’ स्पष्ट ठेवून करावा, असा त्यांचा आग्रह असे.) वडील लवकरच घर सोडून गेले. आई मेरी सिल्विना घरकामे करून मुलाला शिकवीत होती. गावात कृष्णवर्णीय कुटुंबे मोजकीच होती, आणि शाळेत हा मुलगा गोऱ्या मुलांबरोबर खेळे, त्यांच्यापुढे जाई. एकदा वर्गातल्या मुलामुलींनी हौसेने भेटपत्रिका विकत आणून त्यांची देवघेव केली, तेव्हा गावात नव्याने आलेल्या एका मुलीने त्याची पत्रिका घेण्याचे नाकारले. एवढाच प्रसंग. पण आपण इतरांहून वेगळे आहोत आणि मध्ये एक पडदा आहे, ही जाणीव त्यांनी पुढे याच प्रसंगापासून मोजली. शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्याला ग्रीक आणि लॅटिन घ्यावयास लावले. हा सल्ला साधा नव्हता, कारण महाविद्यालयाचे दार त्या काळी या दोन भाषांच्या किल्लीनेच उघडत असे.

मुलाला हार्वर्डला जायचे होते. गावातील धर्मसंस्थांनी पैसे जमवले ते मात्र टेनेसीतील नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठासाठी. मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी १८६६ मध्ये निघालेली ही संस्था होती, आणि तिच्या ज्युबिली गायकांनी देशोदेशी गाऊन मिळवलेल्या पैशातून तिची मुख्य इमारत उभी राहिली होती. कृष्णवर्णीय मुलाची जागा दक्षिणेत, आपल्या लोकांत, हा हितचिंतकांचा समज होता. सद्भावनेने केलेल्या अशा वाटणीतही एक वर्णरेषा असते. पण १८८५ साली सतरा वर्षांचा डू बॉइस फिस्कला पोहोचला तेव्हा त्याला मनस्ताप नव्हे, आनंद झाला. आपल्या वर्णाचे, नाना छटांचे, बुद्धिमान तरुण-तरुणी त्याने प्रथमच एकत्र पाहिले. तेथे जेवणघरात, वादसभेत, विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात तो घरच्यासारखा वावरला. आवाराबाहेरचे जग निराळे होते. शहरात जाताना विद्यार्थी अनेकदा जवळ शस्त्र बाळगीत, हे त्याला तेथे गेल्यावर कळले. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने टेनेसीच्या ग्रामीण भागात एका मोडक्या शाळेत शिकवले. ‘सोल्स’मधील एक अत्यंत हृद्य प्रकरण या अनुभवातून आले आहे.

१८८८ मध्ये फिस्कची पदवी घेऊन डू बॉइस हार्वर्डला आले. हार्वर्डने ती पदवी पूर्ण मानली नाही. पदवीधर असून त्यांना पुन्हा पदवीच्या तिसऱ्या वर्षात बसावे लागले. वर्गात त्यांना जे मिळाले ते मात्र त्या काळच्या अमेरिकेतील सर्वोत्तम होते. विल्यम जेम्स यांनी त्यांना घरी बोलावले, सँतायाना यांच्याबरोबर त्यांनी कांट वाचला, आल्बर्ट बुशनेल हार्ट यांनी त्यांना इतिहासाकडे वळवले. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक शेलर यांनी तर डू बॉइस यांच्याशेजारी बसण्यास हरकत घेणाऱ्या एका दाक्षिणात्य विद्यार्थ्यालाच वर्गातून घालवून दिले. इंग्रजीच्या पहिल्याच निबंधात त्यांना अनुत्तीर्णाची श्रेणी मिळाली. कृष्णवर्णीयांविरुद्ध लिहिणाऱ्या कोणा लेखकावर त्यांनी त्यात संतापाने कोरडे ओढले होते, आणि शैलीकडे पाहिले नव्हते. पुढे त्यांनी बॅरेट वेंडेल यांच्याकडे लेखनाचा अभ्यास केला. संतापालाही शिस्त लागते, हा धडा त्यांच्या नंतरच्या गद्यात पानोपानी दिसतो.

आवारात मात्र चित्र उलटे होते. वसतिगृहात न राहता त्यांनी केंब्रिजमध्ये फ्लॅग स्ट्रीटवर एका कृष्णवर्णीय बाईंच्या घरी खोली घेतली. आवाज चांगला असूनही विद्यार्थ्यांच्या गायकवृंदाने त्यांना घेतले नाही. मंडळे, क्लब, जेवणावळी यांच्याकडे त्यांनी नंतर पाहिलेच नाही. बॉस्टनमधील कृष्णवर्णीय समाजात त्यांनी आपले जग वसवले. तेथे नृत्य, सहली, चर्चा होत. अरिस्टोफेनिसचे ‘पक्षी’ हे नाटक त्यांनी तेथल्या तरुण मंडळींकडून एका प्रार्थनामंदिरात करवून घेतले. उतारवयात लिहिताना ते सांगतात की गोऱ्या सहाध्यायांची मैत्री आपण मागितली नाही, आणि तिच्यावाचून आपले अडलेही नाही. त्यांचे चरित्रकार हे विधान बहुधा जसेच्या तसे स्वीकारतात. ते थोडे सावधपणे वाचले पाहिजे. ज्याने गायकवृंदाकडे एकदा अर्ज केला होता, त्याची अपेक्षा मुळातच शून्य होती असे कसे म्हणावे? नकाराची शक्यता दिसताच आपणच दार ओढून घ्यावयाचे, ही स्वाभिमानी माणसाची रीत असते. तिला समाधान म्हणणे हा त्या माणसाचा हक्क आहे. इतिहासकाराने ते समाधान विद्यापीठाच्या जमेस धरू नये.

१८९० च्या पदवीदानाचा प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. त्या वर्षी विद्यार्थ्यांनी क्लेमंट मॉर्गन या कृष्णवर्णीय सहाध्यायाला आपल्या वर्गाचा वक्ता म्हणून निवडून दिले होते, आणि देशभर त्याची चर्चा झाली होती. पदवीदान समारंभातील मोजक्या वक्त्यांची निवड प्राध्यापकांची समिती करी. तिच्यापुढे मॉर्गन आणि डू बॉइस हे दोघेही गुणांवर पात्र ठरत असता, दोन कृष्णवर्णीय वक्ते फार होतील असे वाटून मॉर्गन यांना वगळण्यात आले. एक चालतो, दोन जड होतात. अशा प्रकारचे गणित कोणत्या नियमपुस्तकात लिहिलेले नसते, पण ते करणाऱ्यांना तोंडपाठ असते. डू बॉइस यांनी भाषणाचा विषय निवडला तो जेफर्सन डेव्हिस, गुलामगिरीच्या रक्षणासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचे अध्यक्ष. त्यांना शिव्याशाप न देता, बळाच्या जोरावर दुसऱ्याला चिरडून पुढे जाणाऱ्या एका संस्कृतीचा नमुना म्हणून त्यांनी डेव्हिस यांचे मूल्यमापन केले. श्रोते भारावले, वृत्तपत्रांनी स्तुती केली.

पुढील शिक्षणासाठी त्यांना युरोपात जायचे होते. स्लेटर निधीचे प्रमुख, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेज यांनी, युरोपात पाठविण्याजोगा कृष्णवर्णीय तरुण आपल्याला सापडत नाही अशा आशयाचे विधान केल्याचे वाचून डू बॉइस यांनी त्यांना पत्रांवर पत्रे लिहिली, आणि अर्धे अनुदान व अर्धे कर्ज अशी मदत पदरात पाडून घेतली. १८९२ ते १८९४ ही दोन वर्षे ते बर्लिनला होते. श्मोलर आणि वाग्नर यांच्याकडे ते अर्थशास्त्र शिकले. ट्राइट्श्के यांच्या व्याख्यानात मिश्रवर्णीयांच्या हीनतेचा उद्घोष त्यांनी बाकावर बसून ऐकला. असे असूनही ही वर्षे त्यांना मोकळेपणाची वाटली. खानावळीत, नाटकघरात, आगगाडीत कोणी त्यांना बाजूला बसवत नव्हते. गोऱ्या माणसाशी केवळ माणूस म्हणून बोलता येते याचा प्रत्यय त्यांना तेथे आला. बर्लिनच्या डॉक्टरेटसाठी मात्र आणखी काही काळ तेथे राहणे आवश्यक होते आणि निधीने मुदत वाढवून दिली नाही. ते परतले. १८९५ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापाराच्या बंदीविषयीचा त्यांचा प्रबंध पुढील वर्षी हार्वर्डच्या ऐतिहासिक ग्रंथमालेचा पहिला खंड म्हणून निघाला.

एवढी विद्या घेऊन या माणसाला कोठे जागा होती? ओहायोतील विल्बरफोर्स या कृष्णवर्णीयांच्या संस्थेत दोन वर्षे प्राचीन भाषा शिकवल्यावर १८९६ मध्ये त्यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे बोलावणे आले. फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डातील कृष्णवर्णीय वस्तीची पाहणी करावयाची होती. पद होते समाजशास्त्र विभागातील साहाय्यकाचे, मुदत सुमारे एका वर्षाची. वर्गात शिकवायचे नाही, विद्यार्थ्यांशी संबंध नाही, बसायला खोली नाही. विद्यापीठाच्या वार्षिक सूचीत शिक्षक म्हणून त्यांना स्थान मिळाले नाही. नुकतेच लग्न होऊन आलेल्या नीना गोमर यांच्यासह ते त्याच वॉर्डात, एका उपाहारगृहावरील खोलीत राहिले आणि घरोघर स्वतः प्रश्नावली घेऊन हिंडले. कोण कोठून आले, काय कमावते, भाडे किती देते, मुले शाळेत जातात की नाही, अशी सुमारे अडीच हजार कुटुंबांची माहिती एकट्याने जमवून त्यांनी ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हा १८९९ मधील ग्रंथ सिद्ध केला. अमेरिकेतील नागर समाजशास्त्राचा हा पाया आज मानला जातो. वस्तीच्या दैन्याचे मूळ तेथल्या माणसांच्या स्वभावात नसून त्यांना नाकारलेल्या कामधंद्यात आहे, हे त्यांनी आकडेवारीने दाखवले. ज्या विद्यापीठाला वस्तीचे दोष मोजून हवे होते, त्याला एक वेगळेच माप मिळाले.

येथे मराठी वाचकाला एक साम्य जाणवल्यावाचून राहणार नाही. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. विद्यार्थ्यांनी त्यांची विद्वत्ता मानली, सहकाऱ्यांनी त्यांचा स्पर्श मानला नाही. दोन देशांतील दोन व्यवस्थांना एकाच सुतात ओवणे धोक्याचे आहे. वर्ण आणि जात यांची उत्पत्ती वेगळी, त्यांना मिळालेली धर्ममान्यता वेगळी. मात्र विद्यापीठ नावाच्या संस्थेने ज्ञानाचा अधिकार आणि सहवासाचा अधिकार यांत केलेली फारकत दोन्हीकडे सारखीच दिसते.

१८९७ पासून तेरा वर्षे डू बॉइस अटलांटा विद्यापीठात होते. ही संस्था कृष्णवर्णीयांसाठी होती, पण तेथील गोऱ्या शिक्षकांची मुलेही तेथेच शिकत. एवढ्यावरून जॉर्जिया राज्याने १८८७ मध्ये तिचे आठ हजार डॉलरचे वार्षिक अनुदान बंद केले होते. संस्थेने पैसे सोडले, मुले वेगळी केली नाहीत. डू बॉइस यांनी तेथे दरवर्षी परिषद भरवून कृष्णवर्णीय जीवनाच्या एकेका अंगाची पाहणी प्रसिद्ध केली. १९०० ची पाहणी महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या कृष्णवर्णीयांची होती. हे पदवीधर कोठे शिकले, आता काय करतात, याची तीत नोंद होती. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या हस्तव्यवसायप्रधान शिक्षणाच्या पुरस्काराशी त्यांचा जो वाद झाला तो सर्वश्रुत आहे. त्या वादात डू बॉइस यांच्या हाती केवळ आदर्श नव्हता, ही मोजदाद होती. परंतु शांतपणे सत्य मांडले की अन्याय हटेल, हा विश्वास अटलांटातच ढासळला. एप्रिल १८९९ मध्ये सॅम होज या शेतमजुराला जमावाने जाळून मारले. त्याविषयी एका वृत्तपत्राला पत्र देण्यास निघालेले डू बॉइस, त्याच्या बोटांची हाडे वाटेवरच्या दुकानात मांडली असल्याचे ऐकून माघारी फिरले. पुढच्याच महिन्यात त्यांचा लहानगा मुलगा घटसर्पाने गेला. १९१० मध्ये अटलांटा सोडून ते न्यूयॉर्कला आले आणि नव्या राष्ट्रीय संघटनेचे ‘द क्रायसिस’ हे मासिक चालवू लागले.

हे मासिक विद्यापीठाचे नव्हते, तरी विद्यापीठे त्यातून कधी सुटली नाहीत. शिक्षणविषयक वार्षिक अंकात देशभरातील कृष्णवर्णीय पदवीधरांची गणती आणि छायाचित्रे येत. गोऱ्या विद्यापीठांत एकटेदुकटे शिकणारे विद्यार्थी त्या पानांवर प्रथमच एकमेकांना दिसले. प्रवेश नाकारल्याच्या, वसतिगृहातून काढल्याच्या बातम्याही तेथेच येत. यांपैकी सर्वांत गाजलेले प्रकरण हार्वर्डचेच होते. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या वसतिगृहांतच राहावे असा नियम झाला होता. अध्यक्ष लोवेल यांनी त्यातून कृष्णवर्णीयांना वगळले. हेतू मोठा उदात्त होता. निरनिराळ्या थरांतील तरुण एकत्र राहून एकजीव व्हावेत, म्हणून तर वसतिगृहे सक्तीची केली होती! हार्वर्डचेच नामांकित पदवीधर रॉस्को कॉंकलिंग ब्रूस यांनी मुलासाठी जागा मागितली तेव्हा लोवेल यांनी ती नाकारली. हे लोवेल १९२२ मध्ये यहुदी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालू पाहत होते, हेही ध्यानात ठेवावे. डू बॉइस यांनी आपल्या मातृसंस्थेवर कठोर टीका केली. माजी विद्यार्थ्यांनी, त्यांत पुष्कळ गोरेही होते, निषेध नोंदवला, आणि १९२३ मध्ये नियामक मंडळांना ठरवावे लागले की वर्णावरून कोणास वगळू नये. ठरावात शेपूट मात्र होतेच : दोन वर्णांच्या माणसांवर एकत्र राहण्याची आणि जेवण्याची सक्ती होणार नाही.

एवढ्यावरून डू बॉइस यांचा रोख केवळ गोऱ्या विद्यापीठांवर होता असे समजू नये. १९२४ मध्ये मुलगी योलांड हिच्या पदवीदानाच्या निमित्ताने ते फिस्कला गेले आणि ज्या संस्थेने आपल्याला घडवले तिच्याच व्यासपीठावरून तिच्या गोऱ्या अध्यक्षांवर तुटून पडले. अध्यक्ष मॅकेन्झी यांनी संस्थेसाठी दहा लाख डॉलरचा निधी उभा करण्याचा घाट घातला होता, आणि देणगीदारांच्या मर्जीसाठी विद्यार्थ्यांचे नियतकालिक बंद केले होते, विद्यार्थिसभा नाकारली होती, पोशाखापासून संभाषणापर्यंत जाच लावला होता. फेब्रुवारी १९२५ मध्ये विद्यार्थी उठले. आवारात पोलीस आणले गेले, अटका झाल्या, संप आठवडेच्या आठवडे चालला, आणि एप्रिलमध्ये मॅकेन्झी पायउतार झाले. कृष्णवर्णीयांसाठी चालवलेल्या विद्यापीठातही कृष्णवर्णीय विद्यार्थी परका असू शकतो, हे या प्रकरणाने दाखवले. डू बॉइस यांच्या विचारातील हा टप्पा मला हार्वर्डच्या वादाहून महत्त्वाचा वाटतो.

हे सारे त्यांच्या १९२८ मधील ‘डार्क प्रिन्सेस’ या कादंबरीत उतरले आहे. भारतीय अभ्यासक या कादंबरीकडे तिच्या नायिकेमुळे, एका काल्पनिक हिंदी संस्थानाच्या राजकन्येमुळे, वळतात. लाला लजपत राय यांच्याशी डू बॉइस यांचा स्नेह होता. वसाहतींतील लोकांचा आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा एकच, ही धारणा तेथे स्पष्ट आहे. (राजकन्येचे नाव कौटिल्या ठेवले आहे. अर्थशास्त्रकर्त्याचे नाव तिला कसे शोभावे, असा प्रश्न आपल्या वाचकाला पडतो. त्यातून लेखकाचा भारत ग्रंथांतून घडलेला होता एवढेच कळते.) पण कादंबरीची सुरुवात भारतात नाही, न्यूयॉर्कमधील एका वैद्यकीय महाविद्यालयात आहे. गुणवान कृष्णवर्णीय विद्यार्थी मॅथ्यू टाउन्स याला प्रसूतिशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्रवेश नाकारला जातो, कारण गोऱ्या स्त्रियांना त्याने हात लावलेला चालणार नाही. शिक्षण तुटते, तो देश सोडून बर्लिनला जातो. लेखकाच्या स्वतःच्या आयुष्याची उजळणीच जणू. कलाकृती म्हणून कादंबरी सैल आहे, तिचा शेवट भाबड्या भव्यतेत विरतो. पहिली पाने मात्र अस्सल आहेत.

१९३४ मध्ये संघटनेशी मतभेद होऊन त्यांनी ‘क्रायसिस’ सोडले आणि अटलांटाला परत गेले. पुढील वर्षी एका शैक्षणिक नियतकालिकात त्यांनी विचारले की कृष्णवर्णीयांना वेगळ्या शाळा हव्यात काय. त्यांचे उत्तर दोन्ही पक्षांना रुचले नाही. मुलाला तुच्छतेने वागवणारी मिश्र शाळा ही शाळा नव्हे. शिक्षक दुबळे आणि साधने नसलेली वेगळी शाळाही शाळा नव्हे. मुलाला शिक्षण हवे असते, आणि आपल्याला ओळखणारा शिक्षक हवा असतो. हार्वर्ड व फिस्क ही दोन्ही टोके स्वतः जगलेला माणूसच असे लिहू शकत होता. १९४४ मध्ये अटलांटा विद्यापीठाने त्यांना इच्छेविरुद्ध सेवानिवृत्त केले.

१९४६ च्या जुलैत त्यांना भारतातून एक पत्र आले. ते डॉ. आंबेडकरांचे होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर केलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या आणि अस्पृश्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या स्थितीतील साम्याचा निर्देश केला होता. ३१ जुलैला डू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला आले तेव्हा प्रथम तेथल्या हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले होते. त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या वसतिगृहात एक कृष्णवर्णीय विद्यार्थी राहतो म्हणून १९२४ मध्ये आवारात क्रूस जाळण्यात आला होता. परदेशी विद्यार्थ्याला मिळणारी मोकळीक देशातल्या वंचिताला मिळत नाही. डू बॉइस यांना बर्लिनमध्ये जे लाभले, ते आंबेडकरांना काही अंशी न्यूयॉर्कमध्ये लाभले होते.

अखेरची वर्षे खडतर गेली. शांतता चळवळीतील कामावरून १९५१ मध्ये परकीय सत्तेचे हस्तक म्हणून त्यांच्यावर खटला झाला. ते निर्दोष सुटले, पण पारपत्र १९५८ पर्यंत मिळाले नाही. मिळताच ते युरोपला गेले, आणि जी पदवी १८९४ मध्ये हुकली होती ती बर्लिनच्या विद्यापीठाने त्याच वर्षी नव्वद वर्षांच्या या विद्यार्थ्याला सन्मानपूर्वक दिली. १९६१ मध्ये ते घानाला गेले आणि २७ ऑगस्ट १९६३ रोजी आक्रा येथे वारले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनच्या महामोर्चात ही वार्ता सांगण्यात आली. त्यांची कागदपत्रे, आंबेडकरांच्या पत्रासह, आता मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयात आहेत, आणि त्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९७२ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी जे निवासी सदन सुरू झाले त्यालाही पुढे त्यांचे नाव मिळाले. १८९६ मध्ये ज्यांना बसायला खोली दिली नव्हती त्यांना त्याच विद्यापीठाने २०१२ साली मरणोत्तर सन्माननीय प्राध्यापकपद दिले.